यंदा निवाडा पाहायचाच

"आई, हळू चढा. यमधर्म काही पळून जात नाही," चोकी मागून ओरडली.

"तो नाही पळणार गं, पण पुढची जागा जाईल ना," असं म्हणून बिधा अंगाभोवती गुंडाळलेला नवा रेशमी किरा सावरत मठाच्या पायऱ्या चढतच राहिली. धाप लागली होती, पण थांबतं कोण! सत्तरी उलटली तरी मुखवटे घालून होणारा मेलेल्यांच्या निवाड्याचा नाच तिनं एकदाही धड पाहिला नव्हता. कधी गाय व्यायली, कधी सून बाळंत झाली. आणि लामा तर दरवर्षी बजावायचे, मेल्यावर या नाचातलेच सगळे भेटायला येतात. इथे ज्यानं त्यांची तोंडं ओळखून ठेवली, तो तिथे घाबरत नाही. बिधाला मरणाचं काही वाटत नव्हतं. त्या तोंडांची मात्र तिनं जन्मभर धास्ती घेतली होती.

अंगणात मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. सासूसुनांनी कशीबशी भिंतीपाशी बैठक मारली.

"विडा दे गं."

"आधी दम खा. घामानं नुसत्या निथळताय."

"घाम कसला, आनंद आहे तो."

ऊन छान पडलं होतं. सुनेच्या खांद्याला टेकून तिनं जरा डोळे मिटले, तोच कर्णे वाजले आणि ती ताडकन उठली.

बैलतोंड्या, हरीणतोंड्या, माकडतोंड्या गिरक्या घेत आले. मागून यमधर्म, आणि त्याच्या दोन बाजूंना तराजू घेतलेले काळा राक्षस आणि पांढरा देव. यमधर्माचा भलामोठा पुतळा माणसं खांद्यावरून मिरवत आणतात असं तिनं ऐकलं होतं. हा तर आपल्या पायांनी आला. यंदा मठानं हात सैल सोडलेला दिसतोय, बिधाला वाटलं.

बैलतोंड्यानं थेट तिचाच हात धरला.

"मला कशाला ओढतोस मेल्या? पाप्याचं सोंग घ्यायला दुसरं कुणी मिळालं नाही का?"

"तुझीच पाळी आहे, आजी."

ती हसत हसत रिंगणात गेली. आज गुडघेसुद्धा कुरकुरले नाहीत.

"हिनं शेजाऱ्याच्या खाचराचं पाणी रातोरात आपल्याकडे वळवलं," काळा राक्षस म्हणाला आणि त्यानं तराजूत काळा खडा टाकला. बिधा चपापली. हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"कुणी रे चुगली केली?"

"त्याच शेजाऱ्याचं आईविना पोर हिनं अंगावर पाजलं," पांढऱ्या देवानं पांढरा खडा टाकला. त्याचं पारडं खाली गेलं ते गेलंच.

बिधाला नाचावंसं वाटलं. या तोंडांना आपण उगाच भ्यायलो, ही तर गावच्या पंचांपेक्षा बरी माणसं आहेत.

"चोकी, बघितलंस का गं?" म्हणत ती वळली.

चोकी इकडे बघतच नव्हती. ती भिंतीपाशी रडत होती, "आई, डोळे उघडा ना," म्हणत होती, आणि तिच्या मांडीवर बिधाचंच डोकं होतं.