करदोडा
नातवाला रक्त चढवायला झुलालआबा दर महिन्याला पाचोऱ्याहून जळगावला येत. आज लेक आणि बहीणही सोबत होत्या. डॉक्टरांनी आजार समजावला. "याला आई-बाप दोघांकडूनही बिघडलेला जनुक मिळाला, म्हणून रक्त टिकत नाही. परदेशात पेशी बाहेर काढून, विषाणूमार्फत त्यांत निरोगी जनुक घालायचे प्रयोग चाललेत. तो उपचार इथं यायला खूप वर्षं लागतील. घरात आधी असं मूल गेलं होतं?" "नही," आबा म्हणाले. लेक त्यांनी सख्ख्या बहिणीच्या मुलालाच दिली होती. त्या बहिणीने नातवाच्या कमरेचा चांदीचा करदोडा सोडून टेबलावर ठेवला. "हाऊ मना पहिला पोऱ्याना शे. तोबी असाच पिवळा पडी गयथा." आबांची मान खाली गेली. त्या भाच्याला माती देताना, चांदी कशाला पुरायची म्हणत, त्यांनीच तो काढून ठेवला होता. पाचवा महिना लागलेल्या लेकीने विचारलं, "आबा, हाऊ आते कोना कमरले बांधशात?"