केसाएवढा तडा

आइस हॉकी संघाचं सामान सांभाळणाऱ्या बापाला सामन्याआधी लेकीच्या हेल्मेटवर केसाएवढा तडा दिसला. लेक संघाची गोलकीपर. निवड समिती आज तिलाच बघायला आलेली. तिच्या मापाचं दुसरं हेल्मेट नव्हतं. "बाबा, वरून टेप मारा. कुणाला कळणार आहे?" ती काकुळतीला आली. "रबरी चकती नेमकी तिथेच बसली तर?" "नाही बसणार." तिने स्वतःच टेप फाडली. हट्टात ती त्याच्यावरच गेली होती. त्याने हेल्मेट हिसकावलं, स्केटला धार लावायच्या टेबलावर ठेवलं आणि ते फुटेपर्यंत हातोड्याचे घाव घातले. बदली गोलकीपर बर्फावर उतरली. लेक बाकावर बसून पायांचे पॅड सोडू लागली. एक बकल काही निघेना. बाप खाली बसला. तिने तोंड फिरवलं, पाय मात्र पुढे केला.