सतरा पौंडांचा मासा

“सावकाश, लाकलन. मासा पकडायचाय, मेंढरं हाकायची नाहीत,” एफी म्हणाली.

वल्ही नवऱ्याच्या हातात होती आणि गळाची काठी बायकोच्या. मॅकफेल जोडप्याच्या संसारात हे पहिल्यांदाच घडत होतं. आदल्या दिवशी लाकलनने आमिष म्हणून स्वतःच कोरलेल्या लाकडी माशाचा आकडा स्वतःच्याच अंगठ्यात घुसवून घेतला होता. डॉक्टरने भलंमोठं बँडेज बांधलं, त्यामुळे रीळ फिरवायची सोय राहिली नाही. पण मोसमाचा शेवटचा दिवस घरात बसून काढेल तर तो लाकलन कसला. एफीने लगेच सांगून टाकलं की वल्हं धरायला चार बोटं पुरतात.

तो लाकडी मासा चांगला वीतभर लांब होता. लॉक फेअरन तळ्यावर नवा आलेला पाहुणा हमखास विचारायचा, हा गळाला लावायचा की तळून खायचा? पण त्या तळ्याच्या खोल पाण्यातले म्हातारे ट्राउट मासे किड्यामाश्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत. ते आपल्याच धाकट्या भाऊबंदांना गिळून मोठे होतात. तोंडभर घास दिसला तरच जागचे हलतात. म्हणून एवढं मोठं आमिष होडीमागे दिवसदिवस ओढायचं, लहान माशांवर पाणी सोडायचं, आणि वर्षा-दोन वर्षांनी एखादं धूड मिळालं तर नशीब म्हणायचं.

लाकलनला असे नऊ मासे मिळाले होते. डूगलच्या हॉटेलात, दारूच्या बाटल्यांच्या वर, स्क्रूने बसवलेल्या नऊ पितळी पट्ट्यांवर त्याचं नाव आणि माशाचं वजन होतं. गावचा नियम साधा होता. काठी ज्याच्या हातात, मासा त्याचा. नऊही वेळा वल्ही एफीने मारली होती, पण वल्ही मारणाऱ्याचं नाव पट्टीवर घालत नसत. तिला याचं वाईट वाटायचं, फार वाटायचं, आणि तिने ते कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. आज निदान एका पट्टीवर आपलं नाव लागावं, एवढीच तिची इच्छा होती.

आणि हा गृहस्थ टपालवाल्यासारखा नाकासमोर चालला होता. मागचा लाकडी मासा ओंडक्यासारखा फरफटत येत होता. एफीने परोपरीने सांगून पाहिलं. दोनदा जोर लाव, मग एकदम थांब, मासा जखमी झाल्यासारखा खाली जाऊ दे. लाकलन म्हणाला की नऊ मासे पकडणाऱ्याला अक्कल शिकवू नये. दुपारचे ओटकेक आणि चीज खाऊन झालं तरी त्याचा हेका सुटला नाही. त्याच्या तळहातांना फोड आले, ते मात्र तो बायकोपासून लपवत राहिला.

ऊन डोंगराआड जायला लागलं तेव्हा त्याचे खांदे भरून आले. मग मुकाट्याने त्याने तिचं ऐकलं. दोनदा जोर लावला आणि वल्ही पाण्याबाहेर उचलली.

काठी वाकून पाण्याला टेकली. रीळ किंचाळायला लागलं. एफी पाय रोवून बसली आणि तिने घाई केली नाही. मासा खोल गेला की ती दोरी सोडायची, दमला की गुंडाळायची. लाकलन खडकांपासून होडी दूर ठेवत होता आणि तोंडाने देवाचं नाव घेत होता. अखेर मासा जाळ्यात आला तेव्हा एफी हसतही होती आणि रडतही होती. तो तिच्या मांडीवर मावेना.

हॉटेलात वजन झालं. सतरा पौंड. भिंतीवरच्या नऊपैकी एकही त्याच्या जवळपास नव्हता. लोकांनी एफीला खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं. डूगलने पट्टीसाठी तिचं नाव लिहायला पेन्सिल उचलली. लाकलन कोपऱ्यात बसला होता. दुसरा पेला पोटात गेल्यावर मात्र त्याला राहवेना.

“थांब, डूगल. काठी काय, भिंतीतली खुंटीही धरून ठेवते. ते लाकूड पाण्यात जिवंत कुणी केलं? मी जोर लावला, मी थांबलो, म्हणून मासा आला. खरं तर वल्ही ज्याच्या हातात, मासा त्याचा.”

आता नवराबायकोची जुंपणार म्हणून दोघातिघांनी आपले पेले बाजूला घेतले. डूगलने पेन्सिल तशीच धरून एफीकडे पाहिलं.

एफीने शांतपणे तोंड पुसलं.

“बरोबर बोलतोय तो,” ती म्हणाली. “हा मासा लिही त्याच्या नावावर. आणि पेचकस आण, डूगल. वरचे नऊ माझे आहेत.”