दारातली गाडी

या, असे जवळ सरून बसा. गोष्ट लहान आहे, पण मन लावून ऐका. देवाने अशी गोष्ट कुणाच्या घरी घडवू नये.

अण्णा बॉनेटवर ओणवे होऊन पत्रा घासत होते. तुटक्या चपलेच्या तुकड्याला पॉलिश पेपर गुंडाळलेला, शेजारी पाण्याची बादली, आणि दंडांत गोळे आलेले. गॅरेजवाल्याने रंगकामाचा आकडा सांगितला तेव्हा अण्णा म्हणाले होते, एवढ्यात तर मीच नवा होऊन येईन. तेव्हापासून संध्याकाळी गोदामातून परतले की चहासुद्धा न घेता ते गाडीला भिडत. दिवसा गाडी ताडपत्रीखाली दारात, आणि अण्णा बसने कामावर. शेजारचा शिंपी जाता-येता विचारी, अण्णा, गाडी रंगवताय की सोलताय? अण्णा म्हणत, तू तुझी काजं बघ.

हा खटाटोप कशासाठी, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला, माईंनाही नाही. लग्न ठरलं तेव्हा मुलगा बोलून गेला होता, हे गंजकं डबडं माझ्या सासरच्यांपुढे आणू नका. अण्णांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी घरात असताना या दारात पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी सुनावलं. मुलगा गेला. दुसऱ्या गावी त्याने संसार थाटला. पुढे घरात त्याचं नाव निघालं नाही.

आता माईंचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी खाटेवरून उठायला बंदी केली होती. कुठे न्यायचंच झालं तर गाडीतून, हळूहळू. बसचे धक्के सोसायचे नाहीत, असं त्यांनी बजावलं. त्या दिवशी अण्णांनी मनाशी ठरवलं, आपला शब्द आपणच गिळायचा. माईंना पुढच्या सीटवर बसवायचं आणि चकार शब्द न काढता गाडी मुलाच्या दारात नेऊन उभी करायची. पण डबडं म्हणून हिणवलेली गाडी तशीच कशी न्यायची? आधी ती आरशासारखी व्हायला हवी. शब्द गिळू, पण मान ताठ ठेवून.

माईंना मात्र या कामाचा पहिल्यापासून राग. नवऱ्याच्या हरेक खुळाला हसून घेणारी ही बाई. या गाडीनेच तिचं काय घोडं मारलं होतं, कोण जाणे. जुना रंग उतरून पत्रा उघडा पडला तशी म्हणाल्या, अशीच घेऊन जा की कामावर. अण्णांनी ते हसण्यावारी नेलं. नागड्या गाडीतून गेलो तर लोक मलाच विचारतील, हिचे कपडे कुठे, म्हणाले. मग माईंनी नवं टुमणं लावलं: थिनरच्या वासाने मळमळतं, मागच्या मोकळ्या जागेत उभी करा. अण्णांनी खिडकीला ओली चादर लावून दिली, पण गाडी हलवली नाही. मागे धूळ फार.

स्वस्तातलं थिनर नडलं. पहिला हात दिला आणि दारांवरच्या रंगाला सायीसारख्या सुरकुत्या पडल्या. अण्णांनी कपाळाला हात लावला. मग मुकाट्याने सगळं पुन्हा पत्र्यापर्यंत खरवडलं. तोवर माई आणखी खचल्या होत्या.

"गाडी दारातून कधी हलणार?" एका संध्याकाळी त्यांनी विचारलं. आवाज इतका बारीक, की अण्णांना वाकून ऐकावं लागलं.

"रविवारी. आणि तू पुढे बसणार आहेस, राणीसारखी."

माईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. अण्णांना वाटलं, लाजली.

शेवटचा हात मात्र साधला. जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवली, रंग फडक्यातून गाळला आणि भाड्याने आणलेला स्प्रे श्वास रोखून फिरवला. गर्द निळा रंग. एक ओघळ नाही. शनिवारी अण्णा काचांवरचे कागद सोडवत होते. माईंना दूध पाजायला गेलेली शिंप्याची बायको बाहेर आली आणि चौकट धरून उभी राहिली. हातातला पेला भरलेलाच होता.

मुलगा आला. माईंचं सगळं उरकल्यावर, माणसं पांगल्यावर, पायरीवर बापलेक दोघेच उरले. अण्णांच्या घशात इतके दिवस जे साठलं होतं, ते बाहेर पडलं तेही कडूच होऊन. तुझी आई आत झुरत होती, एकदा तरी फिरकायचं होतंस, असं ते म्हणाले.

"येत होतो, अण्णा." मुलाने मान वर केली नाही. "दर पंधरवड्याला, दुपारचा. तुम्ही घरात असताना यायचं नाही ना? गाडी दारात नसली की तुम्ही कामावर, ही खूण आईनेच सांगितलेली. हल्ली जेव्हा जेव्हा आलो, ताडपत्री घातलेली गाडी दारातच. वाटलं, तुम्ही रिटायर होऊन घरी बसलात. कोपऱ्यावरूनच परत फिरलो."

मुलगा गाडीकडे पाहत राहिला. दिव्याचा उजेड तिच्या अंगावर पाण्यासारखा पसरला होता.

"आई आत संपत होती," तो म्हणाला, "आणि तुम्ही दारात गाडी चमकवत होतात."

"हो," अण्णा म्हणाले.

बाबांनो, माईंची आठवण तुम्ही काढालच. आई कुणाला आठवत नाही? पण देवापुढे हात जोडाल तेव्हा अण्णांनाही आठवा. ती गाडी कुणाच्या दारात न्यायची होती, हे त्यांनी मुलाला अजूनही सांगितलेलं नाही.