सगळ्या देशांचं लेबल

युरोपातल्या देशांनी दारूचे कायदे एकसारखे करायला घेतले, तेव्हा विंचूरच्या आमच्या वायनरीत सगळ्यांनाच हायसं वाटलं. तोवर प्रत्येक देशात जाणाऱ्या बाटल्यांवर त्या त्या भाषेतला वैधानिक इशारा चिकटवावा लागे. आता नुसतं एक चित्र: पोटुशी बाई, भोवती लाल गोल आणि त्यावर तिरकी रेघ. गरोदरपणी पिऊ नका, एवढाच अर्थ.

"याला भाषाच लागत नाही, कुणालाही कळतं," असं म्हणत सुपरवायझर राखीमॅडमनी त्याचा मोठा नमुना पॅकिंग हॉलच्या दारावर लावला. बिडी, मोबाइल आणि चपला यांच्यावर लाल रेघ मारलेली चित्रं तिथे आधीपासून होतीच.

पुढच्याच महिन्यात बाटल्यांचं खोकं उचलताना पॅकिंगमधली वैष्णवी कोसळली. दवाखान्यात नेईपर्यंत मूल गेलं होतं.

संध्याकाळी राखीमॅडम तिच्या उशाशी बसल्या. "पाचवा महिना, आणि ॲप्रनखाली पोटाला ओढणी करकचून बांधलेली. अगं, मला सांगायचंस तरी. बसून करायचं काम दिलं असतं."

"कसं सांगणार मॅडम? तुम्हीच दारावर लावलं ना, पोटुशी बाई इथं चालायची नाय म्हणून."

राखीमॅडम ताडकन उठल्या. ते बघून वैष्णवी घाबरली. तिने त्यांचा हात धरला.

"मॅडम, माझ्या शेजारची साळू पण पोट बांधूनच येती. तिला काढू नका."