दुसरी मुदत

"शून्य कुणी केलं?" मॅडमनी विचारलं.

मौनीबाबा खाली बसून ड्रॉवर रिकामा करत होता. ऑफिसातला आज त्याचा शेवटचा दिवस. दिवसाकाठी चार वाक्यं बोलणाऱ्या प्रोग्रामरला दुसरं कुठलं नाव पडणार? त्याने चार्जरची वायर गुंडाळली, तिला रबर लावलं आणि मग म्हणाला, "मी."

इतक्या सहज कबूल केलं म्हणताच मॅडमच्या मनात पाल चुकचुकली. चोर एवढ्या लवकर "मी" म्हणत नाही. म्हणालाच, तर त्याच्या खिशात आणखी काहीतरी असतं.

झालं होतं ते असं. काल, गुरुवारी सकाळी एका रुग्णालयात प्रसूती विभागातल्या कॉम्प्युटरने रक्तपेढीकडे रक्त आहे का असं विचारलं आणि तो विचारतच राहिला. चाळीस मिनिटं स्क्रीनवर नुसतं चाक फिरत होतं. शेवटी एक नर्स जिने उतरून धावत गेली म्हणून बाळंतीण वाचली.

प्रोग्राम मॅडमच्या टीमचा. त्यात दोन मुदती होत्या. समोरचं यंत्र फोन उचलेपर्यंत किती थांबायचं ही पहिली, तीन सेकंदांची. उचलल्यावर ते बोलेपर्यंत किती थांबायचं ही दुसरी, तीस सेकंदांची. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर 'रक्तपेढीत माणूस पाठवा' अशी लाल पाटी झळकायची. काल रक्तपेढीच्या यंत्राने फोन उचलला खरा, पण पुढे तोंडात गुळणी धरून बसलं. आणि दुसऱ्या मुदतीत कुणीतरी तिसाच्या जागी शून्य लिहून ठेवलं होतं. शून्य म्हणजे अजिबात थांबू नकोस, असं कुणालाही वाटेल. या प्रोग्रामच्या लेखी मात्र शून्य म्हणजे मुदतच नाही. बस थांबून जन्मभर.

साहेबांनी बारापर्यंत नाव मागितलं होतं. मुद्दाम केलं असेल तर त्या माणसाला अनुभवाचं पत्र मिळणार नव्हतं, आणि त्याच्या नव्या कंपनीलाही कळवलं जाणार होतं. आता बाराला दहा कमी होते.

मॅडमनी सकाळपासून एकेक धागा जुळवला होता. गेल्या महिन्यात याची बढती हुकली. पंधरा दिवसांत राजीनामा. मंगळवारी शून्य केलं, बुधवारी रजेवर, फोन बंद. आणि आज सगळ्यांच्या आधी येऊन ड्रॉवर आवरतोय. एखाद्या दुधखुळ्यालाही कळलं असतं.

"शून्याचा अर्थ तुला माहीत नव्हता?"

"होता."

"माहीत असून केलंस?"

"हो."

मॅडमचं डोकं तापलं. "ती बाई गेली असती, कळतंय का तुला?"

तेव्हा कुठे त्याचा हात थांबला. "कळतंय. कालपासून अन्न गोड लागत नाहीये."

"मग का केलंस ते तरी सांग!"

त्याने ड्रॉवर लावला आणि उभा राहिला. "मॅडम, त्या बदलाची नोंद वाचलीत?"

"वाचली. तुझं नाव आहे तिथे."

"पूर्ण वाचलीत?"

हा आपल्याला खेळवतोय, असं मॅडमना वाटलं. काल रात्रीतून याने तिथे काही घुसडलं तर नसेल? त्यांनी त्याच्याच टेबलावरच्या कॉम्प्युटरवर स्वतःच्या पासवर्डने नोंद उघडली आणि आधी तारखा तपासल्या. तारखा जुन्याच होत्या.

सोमवारची ओळ त्यांची स्वतःची होती, घाईत लिहून विसरलेली. 'स्क्रीनवर लोक ताटकळतात अशी तक्रार आहे. थांबणं बंद. दुसरी मुदत शून्य कर.'

तिच्याखाली मंगळवारी सव्वाचारला मौनीबाबाची. 'करून ठेवलंय. पण मॅडम, इथे शून्य म्हणजे कायम थांबणं. तीसच राहू दे का? उद्या रजेवर आहे. परत येईपर्यंत मंजूर करू नका.'

त्याखाली उत्तर नव्हतं. हिरवा शिक्का होता, मंजुरीचा. बुधवार, सकाळचे नऊ वाजून दोन मिनिटं. शिक्का पडला की बदल आपोआप रुग्णालयात जातो.

नऊ वाजून दोन मिनिटांनी मॅडम लिफ्टमध्ये होत्या. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनवर साचलेल्या बारा मंजुऱ्या. पाचवा मजला येईपर्यंत त्यांनी सगळ्या उरकल्या होत्या. किती हलकं वाटलं होतं तेव्हा.

"मग काल बोलला का नाहीस?" मॅडमचा आवाज खाली आला होता.

"विचारलं होतं ना," तो म्हणाला. "उत्तराची वाट बघत होतो."

मॅडमनी नोंदीकडे पुन्हा पाहिलं. सोमवारच्या ओळीशेजारी कचऱ्याच्या डब्याचं छोटं चित्र होतं. ते फक्त टीमप्रमुखालाच दिसतं. ते दाबलं की ओळ जाते, आणि तिच्याखालचे प्रश्नही. मौनीबाबाने ते चित्र पाहिलं, मग मॅडमचा माउसवरचा हात पाहिला. आता संशयाने बघायची पाळी त्याची होती.

फोन वाजला. साहेब. मॅडमनी डाव्या हाताने उचलला.

"हं, मॅडम. कोण निघालं?"

मॅडमनी तोंड उघडलं. मिटलं.

"हॅलो? मॅडम? ऐकू येतंय ना?"

ऐकू येत होतं. उजवा हात अजून माउसवरच होता.

मौनीबाबाने बॅग खांद्याला लावली, पण तो गेला नाही. भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत तिथेच उभा राहिला.

"तीस झाले, मॅडम," तो म्हणाला.