दुपारचं बिरडं

२०५१ सालची गोष्ट. तेव्हा पार्किन्सनच्या प्रत्येक रुग्णाच्या मनगटावर एक बोलका पट्टा असे. गोळी अंगात भिनली की तो जेवायला सांगे. दुपारी डाळ-उसळ मात्र नाही, कारण मग गोळीचा गुण येत नसे.

"वालाचं बिरडं रात्री कसलं खायचं, वृषा? एकदा तरी दुपारी, गरम भाताबरोबर," मंदार म्हणाले.

सात वर्षं वेगवेगळा स्वयंपाक करून वृषालीबाई थकल्या होत्या. पट्टा काढून ठेवला की तो थोड्याच वेळात दवाखान्यात कळवी, म्हणून त्यांनी मंदारचा पट्टा उतरवून लगेच स्वतःच्याच मनगटावर चढवला.

"खा आता. संध्याकाळी आखडलास तर माझ्याकडे कुरकुर नको."

त्या वाढू लागल्या तोच पट्टा बोलला, "हात थरथरतो आहे. गोळी घ्या."

"वाल सोलून दुखलाय हात," त्या घाईने म्हणाल्या.

मंदारनी ताट बाजूला सारलं. "खरं सांग. केव्हापासून?"

"दिवाळीपासून."

मंदार त्यानंतर चार वर्षं जगले आणि वृषालीबाई अकरा. दोघं होते तोवर बिरडं रात्रीच झालं, पण सकाळी वाल सोलायला पट्टे बांधलेले दोन हात एकाच परातीत असत.